टीममधल्या मुलीने रात्रीच्या ड्रॉपबद्दल सांगितलं, मॅनेजर म्हणून मी आता नक्की काय करू?

मरोळकर_८४

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच एवढं मोठं लिहितोय. कंपनीचं नाव लिहिलेलं नाही, काही तपशील मुद्दाम बदललेत, कोणी ओळखायच्या भानगडीत पडू नका प्लीज.

मी मरोळला औषधांच्या डिस्ट्रिब्युशनच्या एका ऑफिसात ऑपरेशन्स बघतो, गोडाऊन आणि ऑफिस एकाच गाळ्यात. माझ्या हाताखाली एकोणीस जण, त्यात पाच मुली. मॅनेजर होऊन आठ महिने झाले, त्याआधी सात वर्षं इथेच डिस्पॅचला होतो, म्हणजे आज ज्यांना मी रोस्टर लावून देतो त्यातल्या निम्म्यांबरोबर मी रोज टपरीवर चहा प्यायलोय.

मागच्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बिलिंगची एक मुलगी आली, चोवीसेक वर्षांची, एजन्सीच्या पेरोलवर आहे. म्हणाली सर, या महिनाअखेरीला मी स्टॉक मोजायला थांबणार नाही. मी म्हटलं अगं सगळेच थांबतात, तुलाच कसं सोडू. ती गप्पच राहिली, मग दार लोटून घेतलं आणि बोलायला लागली. आमच्या सेल्सचे एक सिनियर आहेत, चौदा वर्षं कंपनीत, हॉस्पिटलांची मोठी मोठी खाती त्यांच्याकडे. दोन महिन्यांपासून ते तिला रात्री मेसेज करतायत, आधी गुड मॉर्निंगची फुलं, मग साडीत छान दिसत होतीस, मग एखादा फोटो पाठव ना. ती बिचारी हात जोडल्याचे इमोजी टाकून 'सर झोपते आता' एवढंच लिहायची. गेल्या महिनाअखेरीला स्टॉक संपायला पावणेअकरा झाले, कंपनीच्या गाडीने ड्रॉप होता, एक जण साकीनाक्याला उतरला, एक चांदिवलीला, पुढे ही कांजूरची आणि ते मुलुंडचे, मागच्या सीटवर दोघंच. पवईच्या पुढे त्यांनी हिच्या मांडीवर हात ठेवला. ही सरकली तर म्हणाले, घाबरतेस काय, पर्मनंट व्हायचंय ना, ते माझ्या शब्दावर आहे. ही गांधीनगर जंक्शनलाच उतरली आणि तिथून घरापर्यंत रात्रीची चालत गेली.

मी तिला बरं केलंस सांगितलंस म्हणालो. ती म्हणाली सर कोणाला सांगू नका, घरी कळलं तर नोकरी सोडायला लावतील. आणि मी पटकन 'नाही सांगत' बोलून गेलो. तेव्हापासून झोप नाहीये, कारण गप्प बसणं मला जमणार नाही आणि शब्द तर दिलाय.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या साहेबांना तिचं नाव न घेता मोघम विचारलं. ते म्हणाले दोघांना केबिनमध्ये बसव, तो सॉरी म्हणेल, विषय तिथेच संपव, बाहेर जाऊ देऊ नकोस. आणि फारच वाटलं तर मुलीला ठाण्याच्या ऑफिसला टाक, तिलाही जवळ पडेल. ऐकताना मला ते जरा बरोबरही वाटलं, खोटं कशाला बोलू.

अजून एक, जे कोणाला सांगितलेलं नाही. गणपतीत ही मुलगी नऊवारी नेसून आली होती तेव्हा त्या सिनियरनी चहाच्या वेळी तिच्यावरून एक घाणेरडा शेरा मारला होता, चारपाच जण हसले, त्यात मी होतो. तिने ऐकलं असेल का माहीत नाही. ऐकलं असेल तर तरीही ती माझ्याकडेच आली, हे मला फार लागतंय.

आमच्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती आहे म्हणतात, लिफ्टजवळ एक कागद लावलाय त्यावर चार नावं आहेत, त्यातल्या एक मॅडम दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या. एजन्सीच्या मुलीला ती समिती चालते का? मी स्वतः त्यांना बोलावून विचारू का? ती तक्रार नको म्हणतेय तर मी काय करायचं?

रेवती_एचआर

दादा, आधी एक काम, साहेबांनी सांगितलेली ती केबिनमधली बैठक अजिबात करू नका. अजिबात म्हणजे अजिबात. मी अकरा वर्षं एचआरमध्ये आहे, सहा वर्षं अंतर्गत समितीवर, अशा 'मिटवलेल्या' बैठकांनंतरच्या मुली मी पाहिल्यात. तो समोर बसून सॉरी म्हणतो, आपण पण म्हणतो झालं गेलं विसर, आणि त्या मुलीला मान हलवण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही कारण खोलीतले सगळे तिच्यापेक्षा मोठे. कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखण्याचा २०१३ चा जो कायदा आहे त्यात समेटाची सोय आहे, पण ती मुलीने स्वतः मागितली तरच, तीसुद्धा समितीपुढे, चौकशी सुरू व्हायच्या आधी, आणि पैसे देऊन मिटवायचं त्यात चालत नाही. मॅनेजरने परस्पर करायची गोष्टच नाही ती.

तुम्ही स्वतः त्यांना बोलावून विचारणं पण नको. तुमचा हेतू चांगला असेल, पण तुम्ही विचारलंत की ते घरी जाऊन फोन साफ करणार, ड्रायव्हरशी बोलणार आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या टेबलापाशी उभे राहणार. खरंखोटं ठरवणं तुमचं काम नाही, ते समितीचं. तुमचं काम तिला समितीच्या दारापर्यंत सुखरूप नेणं आणि मधल्या काळात तिला काही होऊ न देणं. एवढंच, पण तेच लोकांना जमत नाही.

एजन्सीच्या मुलीला समिती चालते का विचारलंत, तर हो, चालते. कायद्यात कर्मचारी म्हणजे पर्मनंट, कॉन्ट्रॅक्ट, रोजंदारी, ट्रेनी, अप्रेंटिस, ठेकेदारामार्फत आलेले, सगळे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती हवीच, अध्यक्ष वरच्या पदावरची बाईच हवी, निम्म्यापेक्षा कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयातला जाणकार. तुमच्या लिफ्टजवळच्या कागदावरच्या मॅडम सोडून गेल्यात म्हणजे समिती अपुरी असू शकते, हे आजच एचआरला लेखी विचारा, कोणाचंही नाव न घेता, नुसतं 'समितीची सध्याची यादी आणि नंबर द्या, नोटीस बदलायचीय' असं. समिती नसेल तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, हे कळलं की यादी लवकर येते असा माझा अनुभव.

आता तुम्ही दिलेला शब्द. तिला परत भेटा, दार उघडं राहील अशा जागी पण कोणाला ऐकू जाणार नाही असं बघून, आणि सरळ सांगा की मी घाईत बोललो, चुकलो, मी गावभर करणार नाही हे नक्की पण कोणालाच सांगणार नाही हे मला पाळता येईलच असं नाही. मग रस्ते सांगा आणि तिला ठरवू द्या. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते, असे प्रकार लागोपाठ घडले असतील तर शेवटच्या प्रकारापासून मोजतात, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. म्हणजे आज रात्रीच ठरव असं तिच्या डोक्यावर बसू नका, पण तारीख मात्र तिला माहीत हवी. लिहिता येत नसेल, काय लिहायचं कळत नसेल तर समितीने मदत करायची असते, तसं कायद्यातच आहे.

आणि ती तयार असो नसो, तुम्ही एक गोष्ट आत्ता करू शकता. त्या रात्रीची गाडीची लॉगशीट आणि पार्किंगच्या कॅमेऱ्याचं फुटेज सांभाळून ठेवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी पंधरावीस दिवसांत, महिन्याभरात जुनं फुटेज पुसलं जातं. स्वतः बसून बघू नका, कोणाला दाखवू नका, फक्त बाजूला काढून ठेवा. तिला सांगा चॅट डिलीट करू नकोस, फोन बदलू नकोस.

लोअरपरळची_जुनी

मरोळकर, तुमच्या साहेबांचं ते 'ठाण्याला टाक, तिलाही जवळ पडेल' वाचलं आणि हात थरथरला माझा.

२००९ सालची गोष्ट. मी लोअर परळला एका ऑफिसात होते, गिरणीच्या जागेवर नवीन टॉवर झाले होते ना तिथे. माझं वय तेव्हा सव्वीस. आमच्या विभागातला एक माणूस, तपशिलात जात नाही, तुमच्या गोष्टीसारखंच सगळं, फक्त गाडीऐवजी रेकॉर्ड रूम होती. माझे मॅनेजर खरंच सज्जन होते, आजही मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांना मी सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले काळजी करू नकोस, मी बघतो. आणि त्यांनी बघितलं म्हणजे काय केलं तर पुढच्या सोमवारी मला वाशीच्या बॅकऑफिसला टाकलं, मला न विचारता, माझ्या भल्यासाठी. तेव्हा मी राहायला परळलाच होते, बीडीडी चाळीत, चालत दहा मिनिटांवर ऑफिस, ते सोडून कुर्ल्याला गाडी बदलून वाशी. पण प्रवासाचं सोडा. मी गेल्यावर मागे सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं, की हिचंच काहीतरी होतं म्हणून हिला हलवली. तो तिथेच राहिला, त्याच खुर्चीत, त्याच खिडकीपाशी. पुढच्या वर्षी तिथे नवीन आलेल्या मुलीचा मला फोन आला, कुठून तरी माझा नंबर मिळवून, ताई तुमच्याबरोबर पण असं झालं होतं का म्हणून. मला त्या दिवशी जे वाटलं ते मी आजवर नवऱ्यालाही नीट सांगू शकले नाहीये.

मला काय हवं होतं सांगू का, मला हवं होतं की कोणीतरी मला विचारावं, तुला काय हवंय. एवढंच. कदाचित मी बदलीच मागितली असती, माहीत नाही. पण मागितलेली बदली आणि केलेली बदली यात फार फरक आहे.

तुमच्या हसण्याबद्दल. तिने ऐकलं असणार. आम्हाला सगळं ऐकू येतं, पाठमोरं असलो तरी. ती तुमच्याकडे आली कारण बाकी कोणाकडे जायची तिची हिंमत झाली नसेल. त्याचं ओझं घेऊन बसू नका, पुढच्या वेळी टपरीवर कोणी तसं बोललं तर सगळ्यांसमोर त्याला थांबवा. मोठं भाषण नको, 'ए, असलं इथे बोलायचं नाही' एवढं पुरतं. पाचातले चार जण दुसऱ्या दिवशी आपोआप सुधारतात.

स्पष्ट_कुर्लेकर

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून विचारतो, रागावू नका. चौदा वर्षं नोकरी केलेला माणूस, त्याला पण घरदार असेल. गाडीत दोघंच होते. साक्षीदार नाही. समजा तिने पर्मनंट होण्यासाठी किंवा दुसऱ्या कशाच्या रागाने सांगितलं असेल तर? एकदा नाव लागलं की माणूस उठत नाही. आणि मेसेजमध्ये साडी छान दिसते लिहिलं तर तो छळ होतो का? हात लावल्याचा पुरावा काय?

बाहेरची_सदस्य_वकील

कुर्लेकर, प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर कायद्यातच आहे म्हणून नीट लिहिते. मी तीन कंपन्यांच्या समितीवर बाहेरची सदस्य आहे.

त्या माणसाची बाजू ऐकल्याशिवाय काही होत नाही. तक्रार आली की सात कामकाजाच्या दिवसांत त्याची प्रत त्याला जाते, त्याला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, साक्षीदार द्यायचे असतात. दोघांनाही वकील आणता येत नाही, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचा मोठा वकील असं होत नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, मग दहा दिवसांत अहवाल, मग मालकाने साठ दिवसांत कारवाई. निकाल पटला नाही तर नव्वद दिवसांत अपील, दोघांनाही. आणि कोणाचं नाव, काय चाललंय, हे बाहेर फोडणं हा त्या कायद्यातच गुन्हा आहे, फोडणाऱ्याकडून पाच हजार वसूल करतात. म्हणजे नाव लागू नये म्हणून सगळ्यात जास्त काळजी याच वाटेत आहे. केबिनमध्ये मिटवतात तेव्हाच बाहेर कुजबुज होते आणि ती दोघांनाही आयुष्यभर चिकटते.

खोटी तक्रार मुद्दाम, आकसाने केली असं चौकशीत सिद्ध झालं तर तिच्यावरही कारवाई आहे. पण नुसतं तिला सिद्ध करता आलं नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. हे दोन्ही लक्षात ठेवा.

आता साक्षीदार नाही म्हणता. असे प्रकार चार लोकांत घडतच नाहीत. समिती सगळं एकत्र ठेवून बघते, मेसेज किती वाजता, तिचं उत्तर काय, गाडी कुठे थांबली, नेहमी दारात उतरणारी मुलगी त्या दिवशी गांधीनगरला का उतरली, ड्रायव्हर काय म्हणतो, तिने त्यानंतर कोणाला काय सांगितलं. १९९९ साली सुप्रीम कोर्टाने अॅपरल एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिल विरुद्ध चोप्रा या खटल्यात सांगितलं की प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही, आणि तांत्रिक शब्दांचा कीस पाडण्यापेक्षा एकूण परिस्थिती बघा. त्यात हायकोर्टाने नोकरीवर परत घेतलेल्या अधिकाऱ्याची बडतर्फी सुप्रीम कोर्टाने कायम केली होती. आणि तो प्रकार ऑफिसच्या टेबलापाशी घडलेला नव्हता, दिल्लीतल्या एका हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये कामासाठी गेलेले असताना घडला होता.

साडी छान दिसते हा छळ का, तर एकदा बोललं आणि तिला चाललं तर नाही. कसोटी एकच, तिला ते नको होतं का. रात्री अकराला वरच्या माणसाचा मेसेज, फोटोची मागणी, तिचं झोपते म्हणून टाळणं, हे पुन्हा पुन्हा दोन महिने, तर मग आणखी काय हवं. आणि मरोळकरांच्या पोस्टमध्ये मला मांडीवरच्या हाताइतकंच जड ते पर्मनंटचं वाक्य वाटतं. नोकरीतल्या फायद्याचं आमिष किंवा नुकसानीची धमकी याचा कायद्याने वेगळा उल्लेख केलाय, कारण तिथे नाही म्हणायची किंमत पोटावर येते.

मरोळकर, गाडीबद्दल तुमच्या मनात शंका असेल तर काढून टाका. कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा आणि मालकाने दिलेली गाडी, दोन्ही कायद्याच्या व्याख्येत कामाची जागाच. हा कायदा ज्यातून आला ती गोष्टही कुठल्या ऑफिसातली नाही. भंवरी देवी राजस्थान सरकारच्या कार्यक्रमातल्या साथिन, म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या होत्या, गावात बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यांची कामाची जागा म्हणजे गावातली घरं आणि शेतं. त्यानंतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, १९९७ ला विशाखा निकालाने मार्गदर्शक सूचना आल्या आणि त्याचा कायदा व्हायला २०१३ उजाडलं. सोळा वर्षं. म्हणून कोणी 'गाडीतलं कंपनीच्या बाहेरचं' म्हणालं की मला राहवत नाही.

अजून एक, पोलिसांकडे जायचं की नाही हा तिचा निर्णय, समितीकडे गेलं म्हणून तो रस्ता बंद होत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळासाठी आहे. तिला गुन्हा नोंदवायचा असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्यच आहे, 'कंपनीचं नाव खराब होईल' म्हणून अडवता येत नाही.

दादर_दुकानदार

वकील ताई, विषय निघालाय म्हणून विचारतो. माझं रानडे रोडला साड्यांचं दुकान, सहा माणसं, त्यातल्या चार मुली. दहाच्या खाली म्हणजे आम्हाला समिती लागत नाही ना? मग मुलीला गिऱ्हाईकाने किंवा समोरच्या दुकानातल्या कोणी त्रास दिला, किंवा उद्या माझ्याच भावाने काही केलं, तर ती कुठे जाणार? दिवाळीत दुकानात एवढी गर्दी असते, नको तिथे धक्का मारणारे असतात, मुली मला सांगतात पण मी आजवर गिऱ्हाईक म्हणून सोडून देत आलो.

बाहेरची_सदस्य_वकील

दहाच्या खाली असाल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुंबईत दोन जिल्हे आहेत, तुमचं दादर मुंबई शहरात येतं, जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये. मरोळ उपनगरात, त्यांचं कार्यालय वांद्रे पूर्वेला. घरकाम करणाऱ्या बायकांनाही हीच समिती. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याचं शी-बॉक्स नावाचं ऑनलाइन पोर्टलही आहे, खाजगी नोकरीतल्या बायकाही तिथे तक्रार देऊ शकतात. हे सगळं एका कागदावर मराठी आणि हिंदीत लिहून तुमच्या मुली जिथे डबे खातात तिथे लावा, गल्ल्यामागे नको, तुम्ही दुकानात नसतानाही त्यांना वाचता आलं पाहिजे. बाहेरच्या माणसांपासून सुरक्षित वातावरण देणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी आहे. पुढच्या वेळी मुलीने सांगितलं की तुम्ही स्वतः गल्ल्यावरून उठा आणि त्या गिऱ्हाइकाला बाहेरचा रस्ता दाखवा. एक साडी कमी विकली जाईल.

ट्रान्सपोर्ट_डेस्क_अंधेरी

मी मालाडच्या एका कॉल सेंटरला नऊ वर्षं ट्रान्सपोर्ट सांभाळलंय, रात्रीच्या तीनतीनशे ड्रॉप. वाचून मला पहिली गोष्ट डोळ्यात भरली की त्या मुलीला शेवटून दुसरी आणि त्यांना शेवटचं ठेवणारा रूट लावला कोणी. बहुतेक कोणीच नाही, ड्रायव्हरने रस्त्याप्रमाणे लावला. हेच चुकतं.

आमचा नियम होता, लेडीज एकट्या पुरुषाबरोबर मागे राहील असा रूट निघतच नाही, पाच किलोमीटर उलटं पडलं तरी चालेल. लेडीज शेवटची असेल तर गार्ड. ड्रायव्हर तिला दारात सोडणार, ती आत गेल्यावर डेस्कला कॉल आणि मगच गाडी हलणार. मधेच उतरायचं म्हणाली तर ड्रायव्हरने आधी डेस्कला कॉल करायचा, कारण मुलगी रात्री अकराला मधेच उतरते म्हणजे गाडीत काहीतरी झालंय. तुमच्या ड्रायव्हरने त्या दिवशी कोणाला सांगितलं का? त्याला कोणी शिकवलंच नसणार.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात बायकांना थांबवायचं तर त्यांची संमती लागते, सुरक्षा लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडणं लागतं. पावणेअकरापर्यंत स्टॉक मोजत बसवलं म्हणजे तुम्ही या वेळेत आलातच. 'सगळेच थांबतात' हे तुम्ही तिला बोललात ना, ते वाक्य यापुढे नको. कोण थांबणार ते आधी विचारा, लिहून घ्या, नाही म्हणाली तर कारण विचारत बसू नका.

आणि रूट आजच बदला, सगळ्यांसाठी. तिच्या एकटीसाठी बदललात तर सगळ्यांना कळेल.

रेवती_एचआर

ट्रान्सपोर्टवाले दादा लाख बोललात. सगळ्यांसाठी बदला हेच महत्त्वाचं.

मरोळकर, एक राहिलं. तिने तक्रार दिली की चौकशी चालू असताना ती लेखी मागणी करू शकते की त्याची किंवा माझी बदली करा, मला तीन महिन्यांपर्यंत रजा द्या, ही रजा तिच्या नेहमीच्या रजेतून कापत नाहीत. आणि त्याने माझ्या कामाचा रिपोर्ट लिहायचा नाही, हेही मागता येतं. तिच्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्यूअल कधी आहे ते बघून ठेवा. बऱ्याच एजन्सीच्या मुलींचं पुढे हेच होतं, तक्रार चालू राहते आणि इकडे रिन्यूअल 'होत नाही', कोणी काही बोलत नाही. तुमच्या हातात सही असेल तर तिथे तुमची खरी परीक्षा आहे.

मरोळकर_८४

चार दिवसांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार, एकेक ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

लॉगशीट आणि फुटेज बाजूला काढून घेतलं, सिक्युरिटीच्या मामांना फक्त एवढंच सांगितलं की त्या तारखेचं पुसायचं नाही. एचआरकडून नवीन यादी आली, अध्यक्ष मॅडम आमच्या अकाउंट्सच्याच आहेत, मला माहीतच नव्हतं. साहेबांना मेल केला की महिनाअखेरीला साडेनऊनंतर लेडीज स्टाफ संमतीशिवाय थांबणार नाही आणि ड्रॉपचा रूट आता मी स्वतः लावणार. त्यांचा फोन आला, आवाज चढवला, मी ऐकून घेतलं आणि म्हटलं साहेब मेलवर नाही म्हणा, मी थांबतो. मेल आला नाही. बैठक घेणार नाही हेही सांगितलं.

मग तिला भेटलो. आधी सॉरी म्हणालो, नाही सांगत म्हणालो ते घाईत होतं म्हणून. तारीख सांगितली, समिती सांगितली, पोलीस सांगितलं, स्थानिक समिती सांगितली, वकील ताईंनी लिहिलेलं बहुतेक सगळं. आणि परळच्या ताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं विचारलं, तुला काय हवंय. ती बराच वेळ टेबलावरच्या स्टेपलरशी खेळत होती. मग म्हणाली मला इथेच काम करायचंय सर, बिलिंगलाच. ठाण्याला नाही जायचं. मी ठाण्याचं तिला कधीच बोललो नव्हतो, म्हणजे साहेबांच्या केबिनमधून ते आधीच बाहेर आलं होतं. ती समितीच्या मॅडमना भेटायला तयार झाली, बहिणीला बरोबर घेऊन येते म्हणाली, मॅडमनी ये म्हणून सांगितलंय.

उठताना तिने विचारलं, सर, मी तुम्हाला गुरुवारी काय सांगितलं ते तुम्ही लिहून द्याल का, मॅडमनी विचारलं तर. मी हो म्हणालो. रात्री घरी बसून लिहिलं, तीन पानं झाली. गणपतीतला तो शेरा पण लिहिला, कोण कोण हसलं ते पण, माझ्या नावासकट. हे समितीला देऊ ना तसंच? की ते गणपतीचं काढू, त्याचा त्या रात्रीशी संबंध नाही म्हणून?

रेवती_एचआर

काढू नका. तो माणूस आधीपासून कसा बोलत होता आणि आजूबाजूचे काय करत होते हे समितीला लागतं. फक्त ती तिची लेखी तक्रार देईपर्यंत ती पानं तुमच्याकडेच ठेवा, तिच्याआधी तुमचा कागद पोचायला नको. प्रत्येक पानावर सही करा, आजची तारीख टाका आणि तिने सांगितलं ती तारीख व वेळ वर वेगळी लिहा. तिचे शब्द जिथे आठवतात तिथे तिचेच ठेवा, नीटनेटके करायला जाऊ नका.

लोअरपरळची_जुनी

तिची बहीण येतेय हे वाचून बरं वाटलं. त्या दिवशी तिला लवकर सोडा, आणि मस्टरवर रजा लावू नका.